चासच्या माळावरचा थांबा

८ मार्च १९४९, मंगळवार

आज विमानातून दोन प्रवासी उतरले आणि एक बातमी. प्रवासी टांग्यात बसून नगरात गेले, बातमी मात्र आमच्या तंबूतच राहिली. कॅप्टन चहाचा पेला हातात घेऊन म्हणाले, "बाई, पुण्याच्या आपल्या थोरल्या कंपनीला मुंबईवाले विकत घेताहेत."

"मग आपलं काय?"

"आपण धाकटे. थोरलीच्या पदराला बांधलेले. ती जाईल तिकडे आपण."

एवढं बोलून ते नाशिकला उडून गेले. त्यांना काय, प्रश्न वर घेऊन जाता येतो. मी मात्र दिवसभर त्याच प्रश्नाशी खेळत बसले. एक कंपनी दुसरीला विकत घेते म्हणजे नक्की काय घेते? आमचं विमान एकच, आठ जणांचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार पुणे-नगर-नाशिक आणि उलट. चासच्या माळावर दगड वेचून केलेली धावपट्टी, एक तंबू, एक बिनतारी यंत्र, एक वजनकाटा. यातलं विकत घेण्यासारखं काय आहे?

मला हे कळायला हवं, कारण माझं यात बरंच अडकलंय. मिशनच्या शाळेतली भूगोलाची नोकरी सोडून मी इथे आले तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. "चांगली मास्तरीण, आता माळावर तिकिटं फाडणार!" तिला खरं कारण कधी सांगितलं नाही. कंपनीचा नियम आहे, वर्ष पूर्ण झालं की नोकरमाणसाला नाशिकपर्यंत एक फेरी फुकट. इतकी वर्षं फळ्यावर खडूने नगर जिल्हा काढला. सीना इथून, प्रवरा तिथून, वर डाव्या कोपऱ्यात अकोल्याचे डोंगर आणि भंडारदऱ्याचं पाणी. मी काढलेला जिल्हा खरा आहे का, हे एकदा वरून पाहायचंय. माझं वर्ष एक जूनला भरतं. तोवर हा थांबा राहायला हवा, बस्स.

१२ मार्च, शनिवार

मनकर्णाला बातमी सांगितली. ही इथल्याच वस्तीवरची. विमान यायच्या आधी धावपट्टीवरची शेरडं हाकलायची आणि वारा कुठून आहे ते कॅप्टनला दिसावं म्हणून ओल्या गवताचा धूर करायचा, हे तिचं काम. तिला वाटलं होतं की मी काही कठीण सांगतेय. ऐकून म्हणाली, "आवं, यात काय हाय? बाजारात म्हस घेतली की रेडकू संगं येतं. त्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाई."

"मग रेडकाचं पुढे काय होतं?"

"मादी आसंल तर जीव लावून पाळत्यात. टोणगा आसंल तर कोन पाळतंय? दूध आटलं की झालं." मग तंबूकडे बघत तिने मलाच विचारलं, "आपली कंपनी काय हाय, बाई?"

भूगोलात हा धडा नव्हता.

आज काट्यावर प्रवासी चार, आणि लेकरं सात. लेकरांचं असं आहे की या भागात मूल जगलं-वाचलं की त्याची गूळतुला करतात, कुणी देवळात, कुणी दर्ग्यात. तराजूच्या एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला गूळ, आणि तो सगळा गूळ वाटून टाकायचा. तुलेचा गूळ परत घरात न्यायचा नाही. कुणीतरी पसरवलंय की विमानाचा काटा सरकारी, तो खोटं बोलत नाही. म्हणून बाया आधी इथे येऊन पोराचं वजन करून घेतात आणि तेवढाच गूळ आणतात. आणतात कुठून, तर गनीभाईंच्या आडतीतून. आमचे गनीभाई म्हणजे कंपनीचे नगरचे एजंट, या माळाचे मालक आणि गुळाचे व्यापारी. अफवा कुणी पसरवली ते मी विचारलेलं नाही.

मोठ्या माणसांचं वजन मात्र मी मोठ्याने सांगत नाही, चिठ्ठीवर लिहून कॅप्टनला देते. एका बागाईतदारीणबाईने मागे मला स्पष्टच सांगितलं होतं, चारचौघांत वजन बोललं की नजर लागते. मी हसले होते. पण मीही त्या काट्यावर अजून एकदाही उभी राहिलेली नाही, हे इथेच लिहिते.

२४ मार्च, गुरुवार

मुंबईचे साहेब आले! बारीक अंगाचे, चष्मा, बुटांवर माळाची धूळ बसली तरी ती झटकायची घाई नाही. आल्या आल्या विचारपूस सुरू. हा वारा कायम पश्चिमेकडूनच का? पावसाळ्यात माळ चिखलतो का? मी मनात त्यांचं नाव चौकशीसाहेब ठेवलं. मला असा माणूस किती दिवसांनी भेटला!

पण आधी फजिती लिहायला हवी. सकाळी मी लॉरीतून उतरले तर माळावर ही गर्दी. फेटे, लुगडी, डोक्यावर गाठोडी, दोन म्हातारे तर जावयाकडे निघाल्यासारखे नवे कपडे घालून. साहेबांनी ते बघितलं आणि भुवया उंचावल्या. "एवढे प्रवासी?"

गनीभाई छाती काढून म्हणाले, "रोजचंच आहे, साहेब. नगरचा माणूस आता जमिनीवर राहायला तयार नाही."

साहेब सरळ रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्यापाशी गेले. "बाबा, कुठे निघालात? नाशिक की पुणे?"

"कुटं न्हाई. वजन कराया आलोय. गनीशेट म्हनले आज फुकाट हाय, आन वर च्या बी हाय."

गनीभाईंनी आभाळाकडे बघितलं. मी तोंड फिरवून बिनतारी यंत्राचा खटका उगाच दाबत बसले. साहेब मात्र रागावले नाहीत. हसले, आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "मग चला, मीही करतो." स्वतः काट्यावर चढले. मनाने चांगला माणूस वाटतो.

नंतर मी गनीभाईंना म्हटलं, "असं कसं केलंत? हातच्या कांकणाला आरसा कशाला, आपले खरे प्रवासी होते ना."

ते म्हणाले, "बाई, आज खरे प्रवासी दोन होते. दोन माणसं कुणी आरशात बघत नाही."

२६ मार्च, शनिवार

साहेब दोन दिवस नगरात मुक्कामाला होते. आज परत गेले. दोन दिवसांत त्यांनी जे जे विचारलं आणि मी जे जे दाखवलं त्याने मी अगदी हरखून गेले आहे.

तंबू किती वेळात सोडता येतो, विचारलं. मी आणि मनकर्णाने त्यांच्या डोळ्यांदेखत सोडून, घडी घालून दाखवला. शाबासकी मिळाली. बिनतारी यंत्र लॉरीशिवाय हलवता येतं का? येतं, दोन पेट्यांत मावतं, हेही दाखवलं. गनीभाईंशी जागेचा करार कधीपर्यंतचा? विमान धाकट्या कंपनीच्या नावावर की थोरलीच्या? पुणे-नाशिक उडायचा सरकारी परवाना कुणाच्या नावे? ते मला ठाऊक होतं, दोन्ही आमच्याच नावावर. ते ऐकून त्यांना फार बरं वाटलं. "म्हणजे सगळं इथेच आहे तर," असं दोनदा म्हणाले.

बाबाजान इंजिन उघडून बसला होता. हा आमचा मिस्त्री, लढाईच्या दिवसांत इथल्या रणगाड्यांच्या वर्कशॉपात शिकलेला. साहेब त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि घंटाभर नुसते त्याचे हात बघत होते. मग विचारलं, "घरी कोण कोण आहे? नगर सोडून कधी राहिलायस?"

एवढी बारीक माहिती घेणारा माणूस थांबा बंद करायला आलेला नसतो. ज्याला मोडायचं असतं तो इतकं बघत नाही. एकच नवल वाटलं. इथून कोण जातं-येतं, का जातं, त्याबद्दल दोन दिवसांत अवाक्षर काढलं नाही. म्हाताऱ्याला विचारलं तेवढंच. बहुतेक ते आकडे त्यांना पुण्यातच मिळाले असतील.

निघताना म्हणाले, "तुमच्यामुळे माझं काम फार सोपं झालं, मार्थाबाई." मी लाजले. या वयात.

१५ एप्रिल, गुड फ्रायडे

आज विमान नाही. आमच्या मिशनच्या देवळात तीन तास बसले. मन प्रार्थनेत कमी, माळावर जास्त.

कारण परवा बाबाजान म्हणाला, त्याला मुंबईचं पत्र आलंय. जुहूच्या कारखान्यात ये, राहायला खोली देऊ. मी म्हटलं, "शिकायला बोलावत असतील. मोठ्या विमानांचं काम शिकून परत येशील."

तो कानाला लावलेली पेन्सिल काढून तिच्याकडेच बघत राहिला. "तसंच आसंल, मास्तरीणबाई," म्हणाला. मग, "खोलीला दोन खिडक्या हायेत म्हने. शिकायला गेलेल्या मानसाला कोन दोन खिडक्या देतं?"

जेवताना आईला हे सांगितलं. ती पानातलं संपवत म्हणाली, "मार्था, तू दुसऱ्यांना नकाशे शिकवलेस. तुला रस्ता कधी कळणार?" मला तिचा राग आला. म्हातारी माणसं सगळ्यात आधी वाईट बघतात. पण झोपेपर्यंत ते दोन खिडक्यांचं डोक्यातून गेलं नाही, हे खरं. मला भीती वाटतेय.

२८ एप्रिल, गुरुवार

प्रवासी एकही नाही. विमानाच्या पोटावर आमचं नाव रंगवलंय, 'दख्खन हवाई सेवा', तिथे कुणीतरी पुण्यात नखाने की चाकूने थोडा रंग खरवडून बघितलाय. 'द' अर्धा गेला. कॅप्टनना विचारलं तर म्हणाले, "खाली किती थर आहेत ते बघत असतील." मलाही बघावंसं वाटलं. बघितले. खाली हिरवा आहे, लढाईतला, आणि त्याखाली पत्रा.

१० मे, मंगळवार

कळलं. कोड्यात लिहिण्यासारखं काही राहिलं नाही.

सौदा झाला. मुंबईवाल्यांनी थोरली घेतली. धाकटी मोडली. त्यांना आमचं विमान हवं होतं आणि परवाना हवा होता. आता पुणे-नाशिक सरळ उडणार, मोठं विमान, मध्ये नगर नाही. आमचं लहान विमान जुहूला जाऊन दुसरीकडे लागणार. बाबाजानला घेतलंय, कॅप्टनना घेतलंय. येत्या शनिवारी विमान शेवटचं येईल आणि सामान उचलून नेईल. मला दोन महिन्यांचा पगार.

मला रडू आलं. मग राग आला, तो साहेबांचा नाही, माझाच. तंबूची घडी कशी घालायची हे मीच त्यांना दाखवलं. कसायाला सुरीची धार दाखवणारी शेळी मी. पण ते विचारत होते ना! आणि मला कुणी काही विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक जूनला अठरा दिवस कमी पडतात.

गनीभाई लगेच हरलेले नाहीत. "शनिवारी साहेब येणार ना? त्यांची गूळतुला करू," म्हणाले. "लेकराबाळांची करतो, मोठ्या मानाच्या माणसाचीही करतात. ज्याची तुला आपल्या गुळाने झाली तो आपलं वाईट करत नाही, बाई. मीठ खाणारा विसरेल, पण भर माळावर सगळ्यांसमोर तराजूत बसलेला नाही विसरणार."

मी म्हटलं, "गनीभाई, सौदा झालाय."

"सौदा मोडतोही. मी व्यापारी आहे."

१४ मे, शनिवार

हात दुखताहेत तरी सगळं लिहून ठेवते.

ऊन सकाळपासूनच भाजत होतं. विमान उशिरा आलं, दहाच्या सुमाराला. साहेब उतरले, मला बघून त्यांनी टोपी काढली आणि हातातच धरून ठेवली. माळावर सगळी वस्ती जमली होती. गनीभाईंनी तीन जाड बांबूंचं तिकाटणं उभं करून आडतीतला मोठा तराजू टांगला होता, दोन्ही पारडी जमिनीपासून वीतभर अधांतरी. बाजूला गुळाच्या ढेपा, त्यांवर ओलं फडकं.

"साहेब, बसा. आमच्या गावचा मान आहे."

साहेबांना काय चाललंय ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "गनीभाई, मी यावर बसू शकत नाही."

"का? गूळ चांगला आहे."

"गूळ चांगला आहे म्हणूनच. मी इथे काय करायला आलोय ते तुम्हाला माहीत आहे. हा मान घेऊन ते करणं मला जमणार नाही." एवढं बोलून ते तंबूकडे वळले.

मला माणूस आवडला, आणि त्याच क्षणी आशा सुटली. गनीभाई ढेपांकडे बघत उभे राहिले. "गाढवाला गुळाची चव काय," असं म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. म्हणायचं म्हणून म्हणाले.

मग सामान चढायला लागलं. तंबू, बिनतारीच्या दोन पेट्या, चाकं उचलायचा जॅक, बाबाजानची हत्यारं, शेवटी वजनकाटा. मी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवून बेरीज करत होते. काम ते काम. कॅप्टन जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, पुण्यापर्यंत चला. तुमची फेरी राहिली आहे ना? रात्रीच्या गाडीने दौंडवरून परत या. साहेबांना विचारलंय मी."

साहेब म्हणाले, "माझी काही हरकत नाही. वजनात बसत असेल तर जरूर या."

माझं काळीज असं उडायला लागलं की विमानाची गरजच पडू नये. नाशिक नाही तर पुणे, निदान सीना तरी दिसेल. पण वजनात बसत असेल तर! हे तर मीच रोज लोकांना सांगत आले. काट्यावर चढायला हवं होतं, आणि सगळी वस्ती बघत होती. मी चपला काढल्या. पदर खोचला. चढले. दांडीवरचं वजन मीच सरकवलं, मीच वाचलं, आणि नवल म्हणजे मोठ्याने सांगितलं, "एकशे अठरा रत्तल."

कॅप्टननी आभाळाकडे बघितलं. अशा उन्हात हवा पातळ होते, विमान जड उठतं, म्हणून दुपारी ते नेहमी कमी भार घेतात. त्यांनी बेरीज तपासली. मी ती आधीच केली होती. मी बसले तर शंभरावर रत्तल जास्त होत होते. काटा खाली ठेवला तर बरोबर जमत होतं.

"म्या उतरतो," बाबाजान आतून म्हणाला. "सोमवारी गाडीनं जाईन."

"तुला आजच हजर व्हायचंय. गप बस आत," मी म्हटलं. त्याच्या दोन खिडक्या मला घालवायच्या नव्हत्या.

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, परत काट्याकडे. "काटा कंपनीच्या मालकीचा आहे, बाई. तो मला मोजून द्यावा लागेल."

मनकर्णा पुढे आली. हातातली शेरडं हाकायची काठी तिने जमिनीत रोवली. "आन बाई कुनाची हाय, सायेब?"

साहेबांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मी म्हटलं, "चढवा काटा." दुसरं कोण म्हणणार होतं? भार ठरवायचं काम अजून माझंच होतं. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला, चांगला घट्ट, आणि आत जाऊन बसले.

विमान पट्टीच्या अगदी टोकापर्यंत धावलं. मला वाटलं उठत नाही. मग उठलं, बाभळींना हात लावल्यासारखं वरून गेलं, आणि लहान होत होत दिसेनासं झालं. काट्याच्या जागी मी असते तर उठलं असतं का, हा विचार आला. उठलं असतं. माझी बेरीज बरोबर होती.

माळावर काही म्हणजे काही उरलं नव्हतं. तंबूच्या जागी पिवळं पडलेलं चौकोनी गवत तेवढं. लोक निघायला लागले तसे गनीभाई ओरडले, "थांबा रे! गूळ नियत करून आणलाय. आडतीत परत कसा नेऊ?" मग माझ्याकडे वळले. "बाई, बसा."

"मी? मी कशाला? मी काय लेकरू आहे, की मोठं माणूस?"

"वर्षभर आमच्या पोरांची वजनं कुणी केली?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "बसा म्हणतो ना."

मी नको नको म्हणत होते, तोवर मनकर्णाने माझ्या खांद्याला धरून मला पारड्यात बसवलंसुद्धा. भर उन्हात, चाळिशीला टेकलेली बाई, लेकरासारखी पाय पसरून. बायका हसत होत्या, मीही हसत होते आणि रडत होते. गनीभाई समोरच्या पारड्यात ढेपा ठेवत गेले. एक, मग एक, मग एक. काही होईना. मग त्यांनी एक लहान ढेप हलकेच ठेवली आणि दोर कुरकुरला.

माझे पाय जमिनीवरून सुटले.

वीतभरच असेल. पण पारडं जरासं फिरलं, आणि माझ्याखाली माळ फिरला. "दिसतंय का गं काई, बाई?" मनकर्णाने खालून विचारलं. मी डोळे मोठे करून चौफेर बघितलं आणि तिला सांगितलं, दिसतंय.